बमरोलीतला जुना लेथ

ताज्या कातलेल्या सागाचा वास आला की मला बमरोलीतली ती पत्र्याची शेड आठवते. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी लाकडी वाट्या कातायला शिकायचं ठरवलं होतं आणि तिथले एक वयस्कर गुजराती कारागीर लाकूड कातायचा आपला जुना लेथ विकणार होते. "चालवून बघा, बेन," म्हणत त्यांनी बटण दाबलं. लाकूड गरगर फिरू लागलं. बेअरिंग खडखडतंय का ते ऐकायला मी वाकले, आणि ओढणीचं टोक कधी गुंडाळलं गेलं ते कळलंच नाही. मान खाली खेचली गेली, श्वास कोंडला, फिरतं लाकूड गालाशी आलं. त्यांनी झडप घालून मशीन थांबवलं आणि ओढणी टरकन फाडली. "मला विकायचंच नाही. घरी जा!" ते ओरडले. मी गेले नाही. उरलेली ओढणी पिशवीत कोंबली, बाह्या दुमडल्या आणि म्हटलं, "काय चुकलं, ते दाखवा." मग त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि चाचपडत बटण बंद करायला सांगितलं, एकदा नाही, हात आपोआप तिथे जाईपर्यंत. तेव्हा कुठे म्हणाले, "लेथ न्यायला टेम्पो बोलवा." आता माझ्याकडेही कुणी शिकायला येतं, तेव्हा पहिल्या दिवशी मी त्याला फक्त मशीन बंद करायला शिकवते.