शिवणीच्या गिटारची पारख

"मैलूरच्या त्या प्रात्यक्षिकात आमच्या साडूंनी स्वहस्ते तयार केलेली गिटार सर्वांत शेवटी वाजवण्यात आली. तिचा आवाज सामान्यच होता. परंतु वाजवणाऱ्या मुलीच्या डोळ्यांतले पाणी पाहून त्या थोर मनाच्या व्यापाऱ्याला पाझर फुटला आणि त्याने तिला गिटार म्हणून मान्यता दिली. अशा रीतीने आमच्या गायन पार्टीत गिटार आली."

आमच्या गायन पार्टीच्या स्मरणिकेत, हार्मोनियमवर बसलेल्या लेखकाच्या छायाचित्राखाली, हा मजकूर छापलेला आहे. लेखक माझे साडू, आणि त्यांनी लिहिलेले 'साडू' म्हणजे मी. वयाने माझ्याहून तीन वर्षांनी मोठे, पार्टीचे पहिल्या दिवसापासूनचे प्रमुख आणि गळ्याने गोड. यांपैकी कशाबद्दलही माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती या चार वाक्यांबद्दल. पहिले खरे आहे आणि चौथेही खरे आहे. मधली दोन खोटी आहेत, आणि त्यांतले दुसरे जास्त खोटे. साडूभाऊ जाणूनबुजून खोटे लिहितात असे मी म्हणणार नाही. त्यांना गोष्ट रंगवून सांगायला आवडते, आणि रंगलेल्या गोष्टीत कोणीतरी रडावे लागते.

तेव्हा मी खटकचिंचोळीला शाळेत हस्तव्यवसाय शिकवत असे. रंधा, करवत, पटाशी ही माझी रोजची हत्यारे. आमची गायन पार्टी होती बौद्ध घरांतल्या माणसांची: हार्मोनियम, ढोलकी, खंजिरी आणि सात-आठ गळे. जयंतीला, लग्नात, कोणाच्या नव्या घरात आम्ही गात असू. वडिलांच्या पिढीने छप्पन साली धम्म स्वीकारला आणि गावकीची कामे सोडली, त्यानंतर आमच्या वस्तीत शिक्षक झाले, कंडक्टर झाले, एक जण तलाठी झाला. पण वाद्य घडवणारा कोणी झाला नव्हता. वाद्य आपण वाजवावे, घडवणारा दुसरा कोणी असतो, ही समजूत गावाची होती तशी आमचीही होती. मी गिटार करायला घेतली आहे हे कळल्यावर गावातला सुतार माझ्या ओसरीवर येऊन म्हणाला होता, "मास्तर, आदी एक जू करून दावा. मग तारा लावा."

लाकूड मी घाईने निवडले नव्हते. धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या शिवारातली झाडे तोडली जात होती, तेव्हा एका शेतकऱ्याकडून शिवणीचा बुंधा मागून आणला. शिवण हलकी आणि फिकट पिवळी. वाळली की पुन्हा वाकत नाही, आणि बोटाने वाजवली तर तिच्यातून आवाज येऊन जरा वेळ थांबतो. तिच्या फळ्या पाडून मी सहा वर्षे माळ्यावर वाळवल्या. वरचा पाट शिवणीचा केला. मागचा पाट आणि बाजू एका मोडक्या शिसवी पलंगातून काढल्या. बाजूच्या पट्ट्या ओल्या करून तापलेल्या नळीवर वाकवताना सात मोडल्या, दोन टिकल्या. दोनच लागतात.

वाजवणारी माझी मुलगी. ती बीदरला कॉलेजात शिकत होती आणि चर्चमध्ये वाजवणाऱ्या मैत्रिणीकडून गिटार शिकली होती. तिने माझ्या गिटारवर आमच्या पार्टीची गाणी बसवली. ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी साडूभाऊंकडे गेलो.

"साडूभाऊ, येत्या जयंतीला पोरगी हिच्यावर वाजवंल."

"वाजवंल की. घरी."

"कामून घरी?"

"कामून म्हंजे? लोक म्हनतेत, पार्टीवाल्यानं पेटीला तारा ठोकल्या. आपल्याला हसणारे काय कमी हैत व्हय?" मग जरा मऊ होऊन ते म्हणाले, "जाणत्या माणसानं हिला गिटार म्हनू द्या. मी सोता पोरीला स्टेजवर खुर्ची मांडतो. न्हाई म्हनला, तर इषय बंद."

मी अट मान्य केली. काही आठवड्यांनी बीदरमध्ये एक हस्तपत्रक वाटले गेले. हैदराबादचा एक वाद्यविक्रेता बीदरच्याच मैलूर भागात रविवारी सकाळी निरनिराळ्या लाकडांच्या गिटार वाजवून दाखवणार होता. साडूभाऊ, मुलगी आणि मी गेलो. गिटार सतरंजीत गुंडाळून मी बसमध्ये मांडीवर धरली होती.

भाड्याचा लांबट हॉल, समोर रस्ता, मागच्या दाराबाहेर मोकळे रान. लग्नाच्या बँडमधले वाजवणारे, कॉलेजातली मुले, तबल्याचे एक मास्तर अशी तीस-चाळीस माणसे जमली होती. व्यापारी साठीचा, सडपातळ, तोंडात पान. बाकावर त्याने तीन गिटार मांडल्या: एक प्लायवुडची, एक महोगनीची, आणि तिसरी शिसवी, तिचा वरचा पाट स्प्रूस नावाच्या परदेशी लाकडाचा. त्याने एकच वाक्य सांगितले, ते मी अजून विसरलो नाही: "ऊपर का तख्ता बोलता, पीछे का तख्ता सुनता." मग म्हणाला, हात लावून पाहा.

लोकांनी हात लावला आणि आपल्या भागातला माणूस लाकूड जसे पाहतो तसेच पाहिले, म्हणजे उचलून. गाडीचा आख, औताचा दांडा, दाराची चौकट, सगळे आपण वजनावर घेतो. जड ते टिकाऊ, टिकाऊ ते चांगले. शिसवी गिटार हातोहात फिरली. बँडमधला सनईवाला कानडीत म्हणाला, "भारी अद!" म्हणजे जड आहे, आणि दुसऱ्याने निकाल दिला, "मग हिचाच आवाज मोठा."

व्यापारी हसला. त्याने दोघांना एक घोंगडी आडवी धरायला लावली, तिच्यामागे बसला आणि तिन्ही गिटारांवर एकच धून वाजवली. कोणती चांगली, हात वर करा. बहुतेक हात एकाच गिटारला वर झाले. घोंगडी खाली आली, तर ती प्लायवुडची. हॉलभर हसू पसरले. माझाही हात तिलाच वर होता, हे मी लपवत नाही. साडूभाऊंनी ते स्मरणिकेत लिहिले नाही हा त्यांचा चांगुलपणा, पण त्या दिवशी ते गप्प बसले नव्हते.

"बघा," ते शेजाऱ्याला ऐकू जाईल असे म्हणाले, "आवाज वळखता येईना, आन् गिटार बनवायलेत."

"नई तार, और बंद कमरा," व्यापारी म्हणाला. "दोनों झूठ बोलते जी."

तेव्हा मी उठलो, सतरंजी सोडली आणि आमची गिटार त्याच्या बाकावर ठेवली. त्याने ती उचलली, डोळ्यापाशी धरून मानेवरून नजर फिरवली आणि सर्वांदेखत तिचे दोष मोजले. तारा टेकवण्याची घोडी तिरकी बसली आहे. मान कुदळीच्या दांड्याएवढी जाड आहे. आणि तारा केवढ्या उंच! "मास्टरसाब, इसके नीचे से बकरी निकल जाएगी!"

लोक खळखळून हसले. कोणावर दया करणारा माणूस अशी सुरुवात करत नाही, पण हा माझा मुख्य मुद्दा नव्हे. माझे कान तापले होते. मुलगी मात्र माझ्याकडे झुकून शांतपणे म्हणाली, "अप्पा, तारा खाली घेता येतेत. घोडी बी सरळ करता येते. लाकडाला त्यानं काय नाव ठिवलं न्हाई."

साडूभाऊंना थांबवेना. "सायब, ही गिटार हाय का न्हाई, येवढंच सांगा. आमाला पार्टीत घ्यायची हाय."

व्यापाऱ्याने दोन तारा छेडल्या. पाटावर बोटाची पेरे आपटून कान लावला. मग विचारले, "बजाते कहाँ तुम लोगां?"

"मैदानात," मी म्हणालो. "माइक असला तर असला."

आणि इथे मला जे सुचले ते सुचवल्याचे श्रेय मी कोणाला देणार नाही. बैलाच्या गळ्यातली घंटा आपण बाजारात कशी घेतो? हातात धरून नाही. विकणाऱ्याला वाजवत राहा म्हणतो आणि चालत दूर जातो. जिथे आवाज तुटतो तिथे थांबतो. रानात चुकलेला बैल ज्या घंटेने सापडेल ती चांगली. मी व्यापाऱ्याला म्हणालो, आमची गाणी मोकळ्या मैदानातली, तेव्हा आमच्या लाकडाची परीक्षाही घंटेसारखी व्हावी.

"घंटी का इम्तिहान, गिटार को?" तो पोट धरून हसला. मग पान थुंकून आला आणि म्हणाला, "हौ, चलो. मैं चलता."

मुलगी मागच्या दाराच्या पायरीवर बसली. चारही गिटारांवर तीच ओळ, तितक्याच जोराने वाजवायची. आधी कोणती हे सनईवाला ठरवणार आणि व्यापाऱ्याला सांगणार नाही. माझ्या खिशात शाळेचा खडू होता. चार दगडांवर मी आकडे घातले. व्यापारी पायरीपासून रानात चालत जायचा, आवाज तुटला की दगड ठेवायचा आणि पुन्हा पायरीपाशी यायचा.

पहिला दगड सगळ्यांत जवळ पडला. ती प्लायवुडची होती. हॉल दणाणून सोडणारा तिचा आवाज उघड्यावर पंचवीस पावलांत विरला. दुसरी महोगनीची, तिचा दगड बराच पुढे गेला. तिसरी शिसवी, तिच्यासाठी तो एका बाभळीच्याही पलीकडे गेला आणि लोकांनी माना डोलावल्या. मग सनईवाल्याने आमची गिटार मुलीच्या हातात दिली.

साडूभाऊ माझ्या शेजारी उभे होते. मुलीने ओळ सुरू केली. व्यापारी पहिला दगड ओलांडून गेला. दुसऱ्यापाशी त्याची चाल मंदावली आणि साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिले. तो दुसराही दगड ओलांडून गेला. "आजून ऐकायलाय व्हय त्यो?" साडूभाऊ पुटपुटले. मी व्यापाऱ्याची पावले मोजत होतो. बाभळीपाशी व्यापारी थांबला, मुलीची ओळ पुरी होईपर्यंत तसाच उभा राहिला आणि वाकून त्याने दगड ठेवला. शिसवीच्या दगडाला तो चार पावले कमी पडला. आमची गिटार पहिली आली असे मी कधीही म्हटलेले नाही. ती दुसरी आली, आणि जिच्याहून मागे राहिली ती परदेशी पाटाची होती.

तेवढ्यात बाभळीकडून आवाज आला, खणखणीत, हॉलमधल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा: "गिटार है जी! मास्टरसाब, गिटार है!"

मुलीने गिटार मांडीवर आडवी ठेवली आणि ओढणीत तोंड लपवले. तिचे डोळे भरले हे खरे आहे, ते मी नाकारत नाही. व्यापारी परत आला, तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "रोना नक्को बेटी. बाप से बोल, तार नीचे करे." नेमके हे दृश्य साडूभाऊंच्या ध्यानात राहिले आणि नंतरचे रडणे निकालाच्या आधी गेले.

त्यांनी शब्द पाळला. जयंतीला स्टेजवर त्यांनी स्वतः खुर्ची मांडली, धोतराच्या सोग्याने पुसली, आणि मुलीच्या गिटारशी जुळावे म्हणून आपली पट्टी अर्ध्या स्वराने खाली घेतली. पार्टीच्या प्रमुखाने हे करणे सोपे नसते, आणि त्याबद्दल मी त्यांचा आजही आदर करतो. घोडी मी सरळ केली, तारा खाली आणल्या. मानेची जाडी तेवढी राहिली. मुलगी म्हणते, हाताला तिचीच सवय झाली आहे.

आता ती आळंदला शाळेत संगीत शिकवते. मागच्या दिवाळीत तिच्या दोन विद्यार्थिनी माझ्याकडे आल्या होत्या. त्यांना स्वतः गिटार करायची आहे. मी त्यांना चार फळ्या दिल्या आणि जड कोणती हे विचारू नका, वाजवून पाहा, असे सांगितले. दोघींनी एकच फळी उचलून बाजूला काढली, आणि मीही तीच काढली असती. नंतर मी शिवणीचा एक नवा बुंधा चिरून माळ्यावर टाकला. तो वाळेपर्यंत मी असेन की नसेन याची चर्चा घरात कोणी करू नये. फळ्या वाळतील, आणि त्या दोघींना वापरता येतील.

म्हणून मी स्मरणिका घेऊन साडूभाऊंकडे गेलो.

"पोरगी आदी रडली, का मागून?"

"आता इतक्या वर्सांनी त्याचं काय घिऊन बसलाव? रडली न्हवं?"

"रडली."

"मग झालं की!"

"न्हाई झालं."

ते चहा प्यायला लावून मला वाटेला लावू पाहत होते. मी चहा घेतला, पण हटलो नाही. दयेने मिळालेल्या नावावर माझी मुलगी इतकी वर्षे वाजवत आली, असे छापलेले त्या दोन मुलींच्या हाती पडावे, हे मी चालू देणार नाही. उद्या त्या फळीला करवत लावताना त्यांना वाटेल, आपल्या लाकडाला कोणीतरी दया दाखवावी लागते. साडूभाऊंच्या स्मरणशक्तीशी मला भांडायचे नाही. त्यांनी हवे तर त्या दिवशी मैलूरला आलेल्या कोणालाही विचारावे. व्यापाऱ्याने "गिटार है" असे ओरडून सांगितले, तेव्हा त्याचे तोंड रानाकडे होते आणि आमच्याकडे त्याची पाठ होती.