नवऱ्याचा नंबर

किरनापूरच्या पुढच्या एका गावात मी तेव्हा एका संस्थेतर्फे बायकांना मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकवायची. मध्य प्रदेशातल्या बालाघाटहून बसने जायचे आणि बुद्धविहाराच्या ओसरीत वर्ग भरायचा. तिथे एक विधवा मावशी सगळ्यांच्या आधी येऊन बसायच्या. त्यांची लेक नागपुरात नर्सिंग शिकत होती.

"तिले काई पाठवाचं म्हटलं का पुतण्याच्या मांगं लागा लागते," त्या म्हणायच्या. "मले माह्या हातानं पाठवाचं हाय."

माझ्या फोनवर सराव करकरून त्या तयार झाल्या. बटण दाबण्याआधी समोरचं नाव मोठ्याने वाचायच्या. मग त्यांच्या स्वतःच्या फोनवर सुरू करायचा दिवस आला, तर हा नंबर खात्याला जोडलेलाच नाही, असं उत्तर आलं. आम्ही बँकेत गेलो. खातं नवऱ्याने काढून दिलं होतं आणि नंबरही स्वतःचाच लिहून दिला होता. तो वारल्यावर रिचार्ज कोणी केलं नाही, सिम बंद पडलं.

"लावून पाहा बरं," मावशी बाहेर आल्यावर म्हणाल्या. नंबर त्यांना तोंडपाठ होता.

मी लावला. घंटी वाजली. मावशींनी फोन माझ्या हातून घेतला.

"हाँ, कौन?" कुणा तरुणाचा आवाज.

"तुमी कोन?" मावशींनी विचारलं. "रॉन्ग नंबर है, अम्मा," म्हणून त्याने फोन ठेवला. बंद पडलेला नंबर कंपनीने त्याला देऊन टाकला होता.

"म्हणजे माह्या खात्याचे निरोप याले जातेत?"

"हौ, मावशी."

"त्याले सांग ना, निरोप आला तं मले फोन कर म्हणा."

बँकेच्या निरोपातला ओटीपी परक्याकडून मागवायचा नसतो, हे मला माहीत होतं. तरी मी पुन्हा लावला. त्याने उचलला नाही.

नंबर बदलायला बँकेत अंगठा लागायचा. मशीन तो घेईना. आयुष्यभर धानाची रोवणी करून बोटांवरच्या रेघा पुसून गेल्या होत्या. बाबू भला माणूस होता, ओल्या फडक्याने बोटं पुसून पुन्हा लावायला सांगायचा. शेवटी म्हणाला, "आधार अपडेट करा के लाइए." आधार केंद्रातल्या मशीननेही बोटं घेतली नाहीत. मी वरच्या साहेबांना फोन केले, अर्ज लिहिले. कुणी नाही म्हटलं नाही आणि काम काही झालं नाही.

मग आमच्या संस्थेचं त्या गावातलं काम संपलं. शेवटच्या वर्गाला बाकीच्या बाया एकमेकींना रुपया रुपया पाठवून हसत होत्या. मावशी भिंतीला टेकून बघत होत्या. निघताना मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "बाई, माह्यं काई चुकलं का?"

"नाही, मावशी. तुमचं काहीच चुकलं नाही."

"मंग काहून होऊन नाई राह्यलं?"

बस आली होती. मी त्यांचा हात धरून तशीच उभी राहिले.