देवलाची आगबोट

देवला आडेच्या आगबोटीत आग एवढीच, की इंजिन सुरू झालं की उभ्या नळीतून काळा धूर निघायचा आणि पलीकडच्या काठावरच्या बायका वाळत घातलेली धुणी घाईघाईनं उचलायच्या. बाकी ती सेनगावच्या वेल्डरनं पत्रे जोडून केलेली, सपाट बुडाची, उघडी बोट होती. इंजिन विहिरीवरचं. विहिरीवर वीज आली आणि ते गोठ्यात पडून राहिलं, तेव्हा देवलाला ही कल्पना सुचली.

देवलाच्या तांड्याच्या खाली धरणाचं पाणी पसरलेलं. पलीकडचं गाव इतकं जवळ, की तिथला कुत्रा भुंकला तर इथला उत्तर द्यायचा. सडकेनं मात्र बत्तीस किलोमीटर. चौदा वर्षं देवलानं सोयाबीनची पोती, खताच्या गोण्या, शेळ्या अशी सगळ्यांची ने-आण केली. एकदा नवरीचं लोखंडी कपाट नेलं. ते पाण्यात जाऊ नये म्हणून नवरीचा मामा कपाटाला मिठी मारून बसला होता. मामाला कोण धरणार, हे कुणालाच सुचलं नव्हतं.

देवलाचे पणजोबा तांड्याचे बैल घेऊन मीठ-धान्य वाहायचे. "आमच्या घरच्यानं वाटंत ना माल गमावला ना जनावर," असं देवला कुणी विचारो न विचारो, सांगायचा. साठी उलटली तरी त्याची सगळी ऐट या एका वाक्यावर उभी होती. त्यामुळे बोटही त्याला जनावरासारखीच वाटे. काठाला लागताना तो तिच्या पत्र्यावर थाप मारून "हो, हो" म्हणायचा. काठाच्या चढावर ओढताना ती घसरली तर, "दमली बिचारी," म्हणून स्वतः बिडी पेटवायचा.

"लोखंडासंगं बोलून राहिले," चंदाबाई, त्याची बायको, म्हणायची. "माझ्यासंगं बोलाया तोंड दुखतंय."

"तू उलटून बोलती," देवला म्हणायचा.

अशा माणसाच्या घरी पोळा आला, तर बोटीचा पोळा व्हायचाच. पण त्या साली जरा जास्तच झाला. आदल्या संध्याकाळी देवलानं कुरुंद्याची हळद तेलात कालवून बोटीच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांना चोळली आणि, "आज आवतण घ्या, उद्या जेवाया या," असं तिला रीतसर सांगितलं. पोळ्याच्या दिवशी तिला घासूनपुसून गेरू लावला, बेगडाच्या माळा घातल्या, इंजिनावर पुरणपोळी ठेवली. ती कुत्र्यानं खाल्ली.

एवढ्यात पलीकडे खत न्यायला सोनाजी आला. तांड्याशेजारच्या गावातला मोठा शेतकरी तो, आणि कुणाचाही अर्ज लिहून देण्यात पटाईत.

"देवलाभाऊ, तीनच गोण्या हायेत. जाऊन येऊ."

"आज पोळा हाय. जुंपत नसतेत."

"अरे, बोट हाय ती!"

"तुझे बैल जुंपले का आज?"

सोनाजी गोण्या घेऊन परत गेला.

एरवी बोट जुन्या काथ्याच्या दोरानं, चांगली चार हात ढिली बांधलेली असायची. पण सणाला जनावराला नवं दावं लागतं. देवलानं पुसेगावच्या बाजारातून नायलॉनचा जाड दोर आणलेला. आणि रंगवलेला बैल ढिला सोडला, तर अंग घासून सगळा रंग घालवतो. म्हणून देवलानं बोट बाभळीच्या बुंध्याशी, अगदी खाली, आखूड बांधली. दोन वेढे, वर पक्की गाठ.

वरच्या अंगाला त्या रात्री मोठा पाऊस झाला. सकाळी पाणी पुरुषभर चढलेलं होतं. अर्धी बाभळ पाण्यात, बेगडाच्या माळा वर तरंगताहेत, आणि बोट कुठंच नाही. देवला छातीभर पाण्यात उतरला. बुडी मारून त्यानं हात लावला, तर नवा दोर तारेसारखा ताठ, सरळ खाली गेलेला. पाणी चढलं तशी बोटही वर आली असती. दोरानं तिचं तोंड खाली धरून ठेवलं होतं. देवला बाहेर आला आणि ओल्या धोतरानंच दगडावर बसला.

काठावर गाव जमलं. कुणी मगर म्हणालं, कुणी नजर. सोनाजीनं तर दुपारपर्यंत नुकसानभरपाईचा अर्जच लिहून आणला.

"ऐका. 'वादळी पाण्याच्या लोंढ्यानं दोर तुटून बोट वाहून गेली. धरणवाल्यांनी आगाऊ सूचना दिली नाही.' देवलाभाऊ, इथं सही."

देवलानं पेन हातात घेतलं. सही केली, तर घराण्याचं नाव शाबूत राहत होतं. सगळे वाट बघत होते. चंदाबाई मात्र त्याच्याकडे बघत नव्हती. ती बाभळीकडे बघत होती.

"दोर तुटला न्हाई," देवला म्हणाला.

"काय?"

"त्योच तर घोटाळा हाय. दोर लई चांगला निघाला." त्यानं पेन परत दिलं. "मीच आखूड बांधली. रंग जाईन म्हणून. धरणवाल्याचा काय दोष? जनावर माझ्या हातानं गेलं."

कुणी हसलं नाही. म्हणजे दोघं हसले, पण लगेच खोकले.

मग मागून आवाज आला, "अन् माझ्या गोण्या?" पलीकडच्या काठावरची सखुबाई. काल खत आलं नाही म्हणून जाब विचारायला ती बत्तीस किलोमीटर जीपनं आली होती. सोनाजी काल परत घेऊन गेला त्या तीन गोण्या तिच्याच होत्या.

"जीपनं धाडतो, काकू," सोनाजी म्हणाला.

"जीपनं धाड, पर संगं ह्याला बसव."

"ह्याला? आत्ताच तर बोट बुडवली ह्यानं!"

"म्हणून तर. जीपवाल्याच्या हातनं गोणी पडली, तर त्यो म्हणन गोणीनंच उडी मारली. हा तरी खरं सांगन."

त्या दिवसापासून देवला पलीकडचा माल घेऊन जीपच्या पुढच्या सीटवर बसू लागला. जीपवाल्याला ते मुळीच आवडलं नाही. चढ आला की देवला त्याला गाडी थांबवायला लावतो, म्हणतो, "दमली बिचारी, श्वास घेऊ दे."