मेलेलं मुंगूस

नव्वदच्या दशकात किन्हवलीजवळच्या आमच्या गावात एक नर्सबाई लसीचा डबा खांद्याला अडकवून दर महिन्याला चालत यायच्या. माझ्या थोरल्याला त्यांनी त्रिगुणी लसीचा पहिला डोस दिला आणि पोर दोन दिवस तापानं फणफणलं. सासूबाईंनी हुकूम सोडला, "चांगल्या पोराला आजारी पाडलं. आता सुई नाय." शेजारच्या पाड्यावर डांग्या खोकला आला होता, त्यामुळे मला पुढचा डोस हवाच होता. पण त्या घरात माझं ऐकतंय कोण!

पुढच्या महिन्यात नर्सबाई आल्या. वाद न घालता त्यांनी अंगणातल्या कोंबडीकडे बोट दाखवलं.

"आजी, मुंगूस आलं की ही काय करते?"

"पिलं पंखाखाली घेते, वरडून सगला गाव उठवते. एकदा बघितलाय ना तिनं."

"मग या सुईत मेलेलं मुंगूस आहे असं समजा. चावत नाही, नुसती ओळख करून देतं. ताप म्हणजे अंगातली कोंबडी ओरडली. उद्या खरं मुंगूस आलं तर अंग तयार असेल."

"मंग तीन-तीनदा कशाला?"

"सूनबाईंना एकदा सांगून लक्षात राहतं का?"

हे मात्र सासूबाईंना लगेच पटलं. मला राग आला, पण माझ्या नावावर का होईना, पोराचा डोस झाला. त्या बेरकी, शहाण्या बाईला मी मनातल्या मनात हात जोडले.

तीन वर्षांनी धाकटीला लस दिली. तिला ताप आलाच नाही. मी खूश, तर सासूबाईंचा जीव थाऱ्यावर नाही. दुसऱ्या दिवशी नातीला कडेवर घेऊन भर उन्हात त्यांनी उपकेंद्र गाठलं. मी मागोमाग.

"बाई, हिची कोंबडी वरडलीच नाय. पुन्ना टोचा."

नर्सबाई हसल्या नाहीत. "आजी, काहींचं अंग गुपचूप शिकतं. ताप आला नाही तरी लस काम करते. पुढचे डोस तेवढे चुकवू नका."

परतताना सासूबाईंनी नातीच्या डोक्यावर पदर धरला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माजी पयली पोर डांग्या खोकल्यानं गेली. तिला कुनी मुंगूस दावलाच नाय गो."

इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी धाकटीला घ्यायला हात पुढे केले. त्यांनी ती घर येईपर्यंत दिली नाही.