तुळशीरामशेठ, तीन मशिनी आणि मलईचे केस

नारपोलीत यंत्रमागाचे चोवीस साचे चालवणारा तुळशीराम तरे घरी एका कुत्रीपुढे हरला होता. ही गोष्ट तो राहायचा त्या अख्ख्या कामतघरला ठाऊक होती. नव्हती ती फक्त तुळशीरामला.

कुत्री लेकीची. पूर्वा बंगळूरला नोकरीला गेली तेव्हा म्हणाली होती, "पप्पा, दोनच महिने सांभाळा." त्याला आता तीन वर्षं झाली. कुत्रीचं नाव मलई. रंग तसाच, अंगही तसंच. पेपरवाल्यापासून सगळ्यांसमोर तुळशीराम म्हणायचा, "जनावराला काय जीव लावायचा!" आणि सकाळी दार लोटून, चहात बुडवलेली खारी तिला स्वतःच्या हाताने भरवायचा. दार लोटलं तरी खिडकी उघडी असते, हे त्याच्या कधी ध्यानात आलं नाही.

लॅब्राडॉर वर्षातून दोनदा केस गाळतं म्हणतात. मलईही दोनदाच गाळायची. फक्त तिचा एकेक हंगाम सहा महिन्यांचा.

बायको गेल्यापासून त्या घरात तीनच जीव. तुळशीराम, मलई आणि आक्का. आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच त्याला लहानाचा मोठा केला. पुढे नवरा वारल्यावर ती त्याच्याकडे राहायला आली आणि वीस वर्षं त्याच्याच कारखान्यात कापड तपासायला बसली. तुटलेला धागा तिला दहा हातांवरून दिसे. असल्या नजरेच्या बाईला एका दुपारी तांदळाच्या भाकरीत केस सापडला. तिने भाकरी उजेडाकडे धरली, केस ओढून काढला. चांगला बोटभर निघाला.

"या घरान आता एक तर ती कुत्री, न्हायतर मी," ती म्हणाली.

"आक्के, एक केस तर हाय!"

"एक मना दिसला. तू किती गिळलेस त्याचा हिशोब हाय का?"

त्याच संध्याकाळी ती कशेळीला, दिराच्या मुलाकडे, मितेशकडे निघून गेली. जाताना दारात थांबून अट घातली. "रविवारी येन. काळं लुगडं नेसून तुज्या सोफ्यावर बसन. उठल्यावर एक जरी केस दिसला, तर माजी पेटीसुद्दा घेऊन जान."

पेटी जाणार म्हणजे आक्का कायमची जाणार. मलईला बाहेर काढायचं तर हात उठेना, आणि आक्काविना घर म्हणजे नुसत्या भिंती. राहता राहिला एकच मार्ग. केस ओढणारी व्हॅक्यूमची मशीन आणायची.

आता तुळशीराम पडला मागवाला. सुताचा नमुना मागावर चढवून बघितल्याशिवाय त्याने जन्मात सूत घेतलं नाही. कल्याण रोडवरच्या हितेशच्या दुकानातून सगळ्यात जास्त वॉटची, पिंपाएवढी मशीन त्याने उचलली ती ट्रायलवर, आणि नेली कुठे, तर थेट कारखान्यात! चोवीस साच्यांची रुई, म्हणजे सुताची उडणारी तूस, जी खेचते ती एका कुत्रीपुढे काय हरणार, असा त्याचा हिशोब.

मशीन लावली आणि साच्यांखालची रुई अशी पळाली की कारीगर बघत राहिले. "वा शेठ, क्या खींचती है!"

एकटा मुकादम दामू मान हलवत होता. "शेठ, रुई येगली, केस येगला."

"तीस वर्षं रुई खातोय दामू. मला नको शिकवूस."

मशीन पक्की झाली. घरी आणून सोफ्यावर लावली मात्र, ती विमानासारखी गरजली. मलई भेदरून देव्हाऱ्यामागे घुसली आणि भीतीने आणखी मूठभर केस टाकून मोकळी झाली. मशीनने उशीचा अभ्रा गिळला, तुळशीरामचा मोजा गिळला, केस मात्र जागचा हलला नाही. रुई ही पाहुणी. बसते, उठते, निघून जाते. कुत्र्याचा केस म्हणजे घरजावई. एकदा कापडात शिरला की उभ्या-आडव्या धाग्यांत विणलाच जातो. त्यात मशीनची मागची हवा अशी जोरात, की सोफ्याखालचे केस उडून पंख्यावर जाऊन बसले.

बुधवारी दुसरी आली. बिनवायरची, उभ्या दांड्याची, फिरत्या ब्रशची. फरशीवर झकास चालली. पण दर पाच मिनिटांनी केस ब्रशला गुंडाळून घट्ट दोर व्हायचा. तुळशीराम ब्लेड घेऊन फतकल मारून बसायचा आणि कापत राहायचा. पोराटोरांनी खिडकीतून विचारलं, "तुळशीकाका, घरीपण लूम टाकला का?" त्याने ब्लेड उगारलं. पोरं पळाली. सोफ्याच्या सांदीत तर तो रुंद ब्रश शिरेचना, आणि अर्धा सोफा होतोय तोवर बॅटरी मेली.

गुरुवारी त्याने पूर्वाला फोन लावला, तो भांडायलाच. "तुझी कुत्री, आणि मरायचं मी!"

"पप्पा, वॉट बघू नका. सोफ्याला छोटा ब्रश लागतो, रबरी दातांचा, आत वेगळी मोटर असलेला. मागे बारीक गाळणी हवी, नाहीतर धूळ फिरून घरातच. आवाजही बघा. आणि मलईला आधी रोज गच्चीवर विंचरा. अंगावरच निघाले तर सोफ्यावर येणार कुठून?"

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, मला मशिनी शिकवू नकोस."

शुक्रवारी हितेशने त्याला दुकानाच्या पायरीवरच हात जोडले. "शेठ, ये तिसरी. पण ही आधी घरी लावा. कारखान्यात नेली तर मी परत घेणार नाय."

ही मशीन मांजरासारखी गुरगुरली. छोटा रबरी ब्रश सोफ्यावर फिरवला आणि पारदर्शक डब्यात मलईरंगाचा पुंजका साठू लागला. शनिवारभर तुळशीरामने सोफा, गादी, पडदे, पायपुसणी, सगळं तीन-तीनदा काढलं. कंबर धरली, दुपारचं जेवण राहिलं. मलईला विंचरून गच्चीवर बांधलं.

रविवारी मितेशने गाडी दारात लावली. आक्का उतरली, काळंभोर लुगडं. पिशवी मात्र गाडीतच राहू दिली. सरळ सोफ्यावर बसली, पाठ घासली, मांडी बदलून पुन्हा बसली. मग उठून खिडकीच्या उजेडाला पाठ केली.

"मितेश, बघ रं."

मितेशने वाकून बघितलं. "काकी, काय न्हाय."

तुळशीराम पुढे सरसावला. "बघ! पटलं?"

आक्काचं लक्षच नव्हतं. ती भावाच्या निळ्या शर्टाकडे बघत होती. "हिकडं ये. वळ."

तो वळला. छाती, पोट, दोन्ही बाह्या, खांदे, सगळीकडे मलई.

"वर गेलतास?"

"पाणी ठेवायला."

"पाणी गळ्यात पडून ठेवलंस?"

मितेश बाहेर बघू लागला. तुळशीरामने तीन मशिनी आणल्या, घर चकचकीत केलं, आणि स्वतःला विसरला! आक्काने हात पुढे केला. "ती आण हिकडं." तिने बटण शोधलं, छोटा ब्रश त्याच्या छातीला लावला आणि कापड तपासावं तशी वरून खाली, ओळीने निघाली. कॉलर आत ओढली गेली, त्याला खोकला आला.

"आक्के, गुदगुल्या होतात!"

"हात वर कर. गप उभा ऱ्हा."

पन्नाशी ओलांडलेला कारखानदार हात वर करून उभा राहिला. गच्चीवर मलई जीव तोडून भुंकत होती.

"काकी," मितेशने हळूच विचारलं, "पिशवी आणू का आत?"

आक्काने दुसरी बाही संपवली, डबा उजेडाकडे धरून बघितला. "आण. भाकरी मी झाकून ठेवीन. ती कुत्री सैपाकघरान आली तर दोघांनाबी भायेर काढन." मग भावाकडे वळली. "ती कवापासून वरडतेय रं. पाणी ठेवलंस ना खरंच?"

तुळशीराम तांब्याकडे वळला.

"म्हंजे नुस्ताच गळ्यात पडून आलास," आक्का म्हणाली, आणि तांब्या भरून त्याच्या हातात दिला.