विंगेतली पेशंट

दिल्लीच्या द्वारकेत सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यांत मराठी माणसं राहायला आली, आणि मराठी माणसं आली म्हटल्यावर गणपतीत नाटक हे आलंच. या नाटकात वैजयंती मोकाशी यांचं काम कधी बदललं नाही. डाव्या विंगेत उभं राहून त्या प्रॉम्प्टिंग करतात. हातात पुस्तक नसतं. तालमी सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले की सगळ्यांचे संवाद त्यांना पाठ झालेले असतात. रंगमंचावर या म्हणून मंडळाने अनेकदा विनवलं, पण त्यांचं उत्तर ठरलेलं: "समोर एवढी माणसं बघत असताना मला नाही जमायचं."

त्यांचे यजमान श्रीपादराव मात्र दर वर्षी रंगमंचावर असतात. कधी इन्स्पेक्टर, कधी वकील, कधी मुलीचा बाप. आधी फरीदाबादच्या कारखान्यात आणि आता गुडगावच्या एका परदेशी कंपनीत, ते खरेदी विभागात आहेत. आपलं पाठांतर चोख आहे असं त्यांचं मत. दुसऱ्या अंकात ते हळूहळू डाव्या विंगेकडे सरकतात आणि तिथेच उभे राहतात. प्रेक्षकांना ती त्यांची लकब वाटते.

मेट्रो द्वारकेपर्यंत आली त्या हिवाळ्यात वैजयंतीबाईंच्या पोटात दुखायला लागलं. पित्ताशयात खडे असतील म्हणून सोनोग्राफी केली. खडे नव्हते, पण डाव्या अंडाशयावर एक गाठ दिसली. दुखणं दोन दिवसांत थांबलं, गाठ राहिली. सेक्टरमधल्या नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी रिपोर्टवर नजर टाकली आणि म्हणाले, "उम्र हो गई, बच्ची बड़ी हो गई, अब इसका काम क्या है? बच्चेदानी समेत सब निकलवा लो. टेंशन खतम."

श्रीपादरावांना हे पटलं. वापरात नसलेला माल गोदामात ठेवू नये, हे त्यांना नोकरीने शिकवलं होतं. वैजयंतीबाईंना पटलं नाही. वय सत्तेचाळीस, पाळी मागेपुढे होत होती इतकंच. अख्खं गर्भाशय काढण्यासारखं आपण काय केलंय, हे त्यांना कळेना. "अजून एका डॉक्टरला दाखवू," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्या मावशीच्या पोटात अशीच गाठ निघाली होती आणि मावशी वर्षभरात गेली होती, हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर मीनाक्षी सभरवाल यांची वेळ मिळाली. दरम्यान गाठ वाढत होती. रिपोर्टमध्ये ती लिंबाएवढी होती, श्रीपादरावांच्या ऑफिसात संत्र्याएवढी झाली आणि पुण्याला नणंदेच्या फोनवर पोचेपर्यंत तिचा नारळ झाला.

"वैजू, असं बिनतयारीचं जायचं नाही," श्रीपादराव म्हणाले. "या मोठ्या डॉक्टरांकडे वेळ नसतो. एंट्री घेतली की मुद्द्यावर."

तयारी म्हणजे तालीम, याबद्दल घरात कुणाला शंका नव्हती. रविवारी दुपारी सोफा भिंतीला लावला. डॉक्टरची भूमिका वरच्या मजल्यावरच्या कुमुद केळशीकरांकडे गेली, कारण मंडळातली प्रत्येक मोठी स्त्रीभूमिका त्यांच्याकडेच जाते. त्या पांढरी शाल पांघरून आल्या. पेशंटच्या नवऱ्याची भूमिका अर्थातच श्रीपादरावांची.

"आणि मी?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"तू पेशंट. तू फक्त बस. पेशंटला फार संवाद नसतात."

मुलगी क्षिप्रा डायनिंग टेबलाशी मॅगी खात होती. ती म्हणाली, "बाबा, पोट आईचं आहे यार. बोलू दे ना तिलाच."

"आई गडबडते बाहेरच्यांसमोर. कुमुदताई, चला. घ्या वरून."

कुमुदताईंनी रिपोर्ट हातात घेतला, खिडकीकडे पाहिलं, दीर्घ श्वास सोडला आणि त्यांचे डोळे भरून आले. "मिस्टर मोकाशी," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "हौसला रखिए."

"अहो कुमुदताई, डॉक्टरने रडायचं नसतं!"

"मग या भूमिकेत करायचं काय? नुसतं प्रिस्क्रिप्शन लिहायचं?"

"तुम्ही विचारायचं, क्या तकलीफ है. मग मी बोलतो."

श्रीपादराव बोलले. हिंदी फर्डी होती, पण शेजारणीसमोर पाळीचा विषय आला की ते "वो जो इनका महिने का होता है, वो" म्हणून पंख्याकडे बघायचे. शेवटचं वाक्य मात्र त्यांनी ठसक्यात घेतलं: "हमने पूरा सोच लिया है, सब निकाल दीजिए." यावर कुमुदताईंनी टाळी वाजवली. तालीम तीनदा झाली. तिसऱ्या वेळी क्षिप्रा म्हणाली, "आई, चेहऱ्यावर काहीतरी दाखव ना. तुझंच ऑपरेशन आहे."

"अजून ठरलेलं नाहीये," वैजयंतीबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

अपॉइंटमेंटच्या दिवशी श्रीपादरावांनी कोट घातला. वैजयंतीबाईंनी साधी सुती साडी नेसली आणि पाळीच्या तारखा, चालू गोळ्या, जुने रिपोर्ट सगळं डोक्यात पक्कं केलं. पाठांतर हा काही त्यांचा प्रश्नच नव्हता.

डॉक्टर सभरवाल पन्नाशीच्या, कापलेले केस, समोर थंड झालेली कॉफी. "हाँ जी, बताइए," त्या म्हणाल्या.

आता संवाद श्रीपादरावांचा होता. त्यांनी घसा साफ केला. "डॉक्टरसाहब, मेरी मिसेस को... मतलब इनके..." आणि ते थांबले. अनोळखी बाईसमोर पुढचा शब्द तोंडातून निघेना. ते खुर्चीसकट थोडे डावीकडे सरकले.

डावीकडे वैजयंतीबाई होत्या. ओठ न हलवता, नजर समोर ठेवून त्या कुजबुजल्या, "बायीं ओव्हरी में."

"बायीं ओव्हरी में," श्रीपादराव मोठ्याने म्हणाले, "सिस्ट है."

"पेट में दर्द था, इसलिए सोनोग्राफी कराई."

"पेट में दर्द था, इसलिए सोनोग्राफी कराई."

"पिरियड्स छह महीने से आगे-पीछे हैं."

"पिरियड्स छह महीने से," श्रीपादरावांना आता लय सापडली होती, "आगे-पीछे हैं!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे. "एक मिनट. आप दोनों में से पेशंट कौन है?"

"ये," श्रीपादराव म्हणाले.

"तो ये इतना धीरे क्यों बोल रही हैं?"

या प्रश्नाची तालीम झालेली नव्हती. श्रीपादरावांनी शेवटच्या वाक्याकडे उडी घेतली. "हमने पूरा सोच लिया है..." ते म्हणाले, हात उचलला आणि अडकले. ठसक्यात घेतलेलं ते वाक्य हवेत लटकून राहिलं. सवयीने त्यांनी डावीकडे पाहिलं.

वैजयंतीबाईंना ते वाक्य पाठ होतं. तीनदा ऐकलं होतं. त्यांनी ते दिलं नाही. मंडळाच्या इतिहासात विंगेतून असा दगा कुणी अनुभवला नव्हता. श्रीपादरावांनी भुवया उंचावून इशारा केला. काही नाही. डॉक्टर वाट बघत होत्या.

"डॉक्टर," वैजयंतीबाई म्हणाल्या. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, दाराशी उभ्या नर्सनेही मान वळवली. "सब निकालना है, ये इन्होंने सोचा है. मैंने नहीं सोचा. ज़रूरत हो तो निकालिए. पर ज़रूरत है क्या, ये पहले मुझे बताइए." मग एक क्षण थांबून, "और ये कैन्सर है क्या? मेरी मौसी को था."

श्रीपादराव खुर्चीत वळले. "मावशींना? तू मला कधी..."

"आप रुकिए," डॉक्टर म्हणाल्या.

त्यांनी मावशीचं वय विचारलं, गाठ नेमकी कुठली होती ते विचारलं, मग वैजयंतीबाईंना पडद्याआड नेऊन तपासलं. श्रीपादराव एकटेच भिंतीवरच्या गर्भाशयाच्या रंगीत चित्रासमोर बसून राहिले. त्यांनी नजर खाली ठेवली.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी सगळं वैजयंतीबाईंनाच समजावलं. गाठ साधी, पाण्याची दिसते आहे. या वयात अशा गाठी होतात आणि पुष्कळदा आपोआप जातात. मावशीची गोष्ट सांगितलीत ते बरं केलंत, म्हणून एक रक्ततपासणी करून घेऊ. तीन महिन्यांनी परत सोनोग्राफी. वाढली किंवा वेगळी दिसली तर ऑपरेशनचं बोलू, आज नाही. अचानक जोरात दुखलं तर मात्र थांबायचं नाही, लगेच यायचं.

"और बच्चेदानी?"

"उसने क्या बिगाड़ा है?" डॉक्टर म्हणाल्या आणि कॉफीचा घोट घेतला.

लिफ्टपाशी श्रीपादरावांनी विचारलं, "शेवटचं वाक्य का नाही दिलंस मला?"

"ते मला पहिल्या तालमीपासून आवडलं नव्हतं."

"मग तेव्हाच सांगायचं ना!"

"पेशंटला संवाद नव्हते."

रक्त द्यायच्या खोलीपर्यंत श्रीपादराव बरोबर चालत गेले आणि पर्स धरून बाहेर बसले. एका माणसाने रांगेतला नंबर विचारला तेव्हा म्हणाले, "मेरा नहीं है, उनका है."

घरी कुमुदताई आधीच येऊन बसल्या होत्या. क्षिप्राने दार उघडलं आणि बाबांकडे बघून विचारलं, "काय म्हणाल्या डॉक्टर?"

श्रीपादरावांनी कोट काढला, घसा साफ केला, तोंड उघडलं. मग ते सोफ्यावर बसले.

"मला काय विचारतेस?" ते म्हणाले. "आईला विचार."