गेटबाहेर न टेकलेली चाकं

वहिनीचा फोन आला तेव्हा माझ्या हाताला पीठ होतं. परळला माझं पोळीभाजी केंद्र आहे आणि दुपारचे डबे निघायची ती वेळ. मोबाईल कोपराने उचलला. वहिनी एवढंच म्हणाली, ‘‘वन्सं, तुझे दादा गेले.’’ मी गॅस बारीक केला, कामावरच्या मुलींना डबे भरायला सांगितलं, हात धुतले आणि निघाले. आठवडाभर हॉस्पिटलमध्ये त्याच्या छातीचा आवाज ऐकत होते, त्यामुळे बातमी अशी नव्हतीच. रस्त्यात एकच विचार मनात आला. संध्याकाळी सायकलचं चाक कोण फिरवणार? अशा वेळी माणसाला काहीही सुचतं.

दत्तादादा माझा थोरला भाऊ. आमच्यात बारा-तेरा वर्षांचं अंतर, त्यामुळे मला तो अर्धा बापच. बाप लवकर गेला होता आणि आई लालबागच्या चाळीत खानावळ चालवायची. दादा मिलमध्ये साच्यावर होता, म्हणजे कापड विणायच्या खात्यात. पहिल्या बोनसात त्याने काळी सायकल घेतली. सायकल शिकला मात्र गावी, कोकणात. आमच्या गावाच्या डोक्यावर मैलोगणती सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, पसरलेला, गवत आणि जांभ्याची लाल खडी, मग एकदम उतार आणि दाट रान. तिथे ना गाडी ना माणूस. मे महिन्यात गेलो की मामाची सायकल घेऊन तो दिवसभर तिथे फिरायचा आणि लाल धुळीने माखून यायचा. मुंबईत कुणी सायकलचं कौतुक केलं की म्हणायचा, ‘‘ही कसली सायकल चालवणं? ही नुसती गाड्यांपासून पळापळ.’’

गिरण्यांचा संप सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी शाळेतून आले तर दादा चालत घरी आलेला. आईने विचारलं, ‘‘सायकल खंय?’’

‘‘स्टँडला ठेवलीय, मिलमध्ये.’’

‘‘अरे, उद्यापासून बंद मां? मगे घराक नको आणूक?’’

‘‘आई, आपलं सामान घरी नेलं म्हणजे नोकरी सोडली. कोणीच काही आणलेलं नाही. आठ-पंधरा दिवसांत मिटतंय.’’

हे एकट्या दादाचं डोकं नव्हतं. सगळ्या खात्याने तसंच केलं होतं. खुंटीवर सदरे, कपाटात डबे, साच्याखाली चपला. एक जण डबा घेऊन निघाला तर बाकीचे त्याच्यावर हसले होते, ‘‘काय रे, लग्न मोडून चाललास काय?’’ तो डबा तेवढा घरी पोचला. बाकी सगळं आतच राहिलं... आणि ही माणसं वर्षानुवर्षं बाहेर.

त्या काळाबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे, मी फक्त आमच्या खोलीपुरतं सांगते. खानावळीची माणसं एकेक करून गावी गेली. आईने बांगड्या उतरवल्या, मग तांब्याची भांडी. शेजारच्या खोलीतल्या एका तरुण माणसाने विष घेतलं, आणि त्यानंतर आई दादाला संडासालाही एकटं सोडेना. मला पाठवायची. मी बादली घेऊन बाहेर उभी राहायचे आणि तो आतून ओरडायचा, ‘‘जिवंत आहे गं, जा!’’ पुढे मिल अर्धीमुर्धी सुरू झाली. आत घेतलेल्यांची नावं गेटवर लागली, त्यात त्याचं नव्हतं. तरी बरीच वर्षं रोज सकाळी तो गेटसमोर जाऊन उभा राहायचा आणि मग भायखळ्याच्या भाजीबाजारात पाट्या उचलायला जायचा. नंतर कॉटन ग्रीनच्या गोदामात लागला. लग्न झालं, मुलगी झाली. खोकला मात्र साच्यावरचाच होता. तिथे आडवा धागा विणणाऱ्या धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यायची पद्धत होती, धाग्याबरोबर कापसाची धूळ थेट छातीत. काम गेलं, ती धूळ राहिली. सायकलच्या कुलपाची किल्लीही राहिली होती, कमरेच्या करदोट्यात. आंघोळीलाही काढायचा नाही. वहिनी नवी नवरी असताना तिला वाटलं होतं, ही तिजोरीची किल्ली!

मिल पुरती बंद पडली आणि मग एका ठेकेदाराने तिथे पहारेकरी नेमले. दादा त्यात लागला. ज्या गेटने त्याला आत घेतलं नाही, त्याच गेटवर दुसऱ्यांना आत न घेण्याची नोकरी. पहिल्याच दिवशी तो स्टँडकडे गेला. पत्रा कोसळला होता आणि त्याखाली सायकल उभी. टायर कुजलेले, घाणेरीची फांदी तारांमधून आरपार गेलेली. कुलूप उघडेना. दादा ते मोडायला तयार नव्हता. रॉकेल घालत राहिला आणि शेवटी किल्लीनेच उघडलं. नवे टायर-ट्यूब मी लालबागमधून नेऊन दिले.

त्यानंतर एका दुपारी मी त्याचा डबा घेऊन गेले आणि पहिल्यांदा आतलं बघितलं. बाहेर ट्रकचे हॉर्न, फ्लायओव्हरचं काम... आणि भिंतीच्या आत रान. साचेखात्याच्या छपरातून पिंपळ वर आलेला, मिलच्या जुन्या तळ्याभोवती सुबाभूळ, चिमणीपर्यंत कमरेएवढं वाळलेलं गवत. त्यातून बॉयलरच्या जळक्या कोळशाची खडी पसरलेली जुनी वाट. दादा म्हणाला, ‘‘बस मागे.’’

‘‘वेडा आहेस का? माझं वजन बघ. तुझी छाती बघ.’’

‘‘बस गं.’’

बसले. चाकाखाली खडी करकरत होती, फांद्या डोक्याला लागत होत्या. झाडीतून बाहेर आलो की एकदम उघडं गवत आणि वारा, मग पुन्हा झाडी. एक भारद्वाज वाटेत ठाण मांडून बसला होता. दादाने घंटी वाजवली नाही, वळसा घातला. ‘‘सडा आहे की नाही अगदी?’’ म्हणाला. ‘‘इथे मला दम लागत नाही.’’ साफ खोटं. तळ्यापाशी पाय टेकून तो इतका खोकला की मी खाली उतरून त्याची पाठ चोळत राहिले. पण खोकून झाल्यावर तो हसला. संपानंतर मी त्याला हसताना पाहिलं ते तिथेच.

‘‘घरी ने ही सायकल,’’ मी म्हटलं. ‘‘उद्या हे सगळं पाडतील.’’

‘‘गेटबाहेर हिचं चाक टेकलं की मी नोकरी सोडली असं होईल.’’

‘‘कोण बघतंय, दादा? मिल मेली.’’

‘‘मेली असेल. मी राजीनामा दिलेला नाही.’’

मी डबा रिकामा करून निघाले.

दोनेक वर्षांनी झाडं तोडायला माणसं आली. आधी पिंपळ गेला, मग तळं बुजवलं, मग त्या वाटेवरून डंपर फिरायला लागले. पहारेकऱ्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्या संध्याकाळी वहिनीने मला बोलावून घेतलं आणि आम्ही गेटसमोर उभ्या राहिलो. दादा सायकल खांद्यावर घेऊन बाहेर आला. चार पावलं चालायचा आणि थांबायचा. ओठ निळे पडलेले. वहिनी रडकुंडीला आली, ‘‘अहो, टेकवा ना ती खाली! जीव जाईल.’’ त्याने मान हलवली. एका हातगाडीवाल्याच्या गाडीवर जरा टेकवली, श्वास घेतला आणि पुन्हा उचलली. मी हात लावायला गेले तर अंगावर ओरडला. माझ्यावर तो आयुष्यात एवढाच ओरडला असेल.

मग चाळीच्या गॅलरीत दोन हुकांवर सायकल लटकली. रोज संध्याकाळी मिलची पाळी सुटायच्या सुमाराला दादा खुर्ची ओढून बसायचा, तेल द्यायचा आणि हाताने चाक फिरवायचा. हातपंपाने हवा भरायचा. चार दट्टे मारले की दहा मिनिटं धापा टाकायचा. शेजारी विचारायचे, ‘‘काय दत्ता, कुठे दौरा?’’ तो म्हणायचा, ‘‘पाळी आहे.’’ लोक हसायचे. मला हसू यायचं नाही. डॉक्टर, औषधं, वाफारे सगळं मी केलं, करण्यासारखं होतं ते सगळं. पण त्या माणसाला जे हवं होतं ते कुठल्याच दुकानात मिळत नव्हतं, आणि मिलच्या जागी तोवर टॉवरचे चाळीस मजले उभे होते. शेवटी शेवटी तो डोळे मिटून नुसतं चाक फिरवायचा. कुठे फिरत असायचा ते मी विचारलं नाही.

तो गेल्यावर महिन्याभरात चाळ रिकामी करायची वेळ आली. पुनर्विकास. तात्पुरती मिळणारी खोली एवढीशी, तिथे गॅलरीही नाही. वहिनीने भंगारवाल्याला बोलावलं होतं. त्याने सायकलकडे बोट दाखवलं तशी ती म्हणाली, ‘‘ती नाही हां, भाऊ.’’ मग माझ्याकडे बघून, ‘‘वन्सं, तू ने.’’

माझं घर दोन गल्ल्या पलीकडे. मी सरळ विचारांची बाई आहे. जिन्यावरून उतरवायची आणि ढकलत न्यायची, एवढंच मनात होतं. आम्ही दोघींनी ती खाली आणली. शेवटच्या पायरीवर मी पुढचं चाक रस्त्याकडे झुकवलं, तर हात खाली जाईना. टायरच्या नक्षीत काळ्या खडीचे बारीक तुकडे अजून रुतलेले. मी वहिनीकडे बघितलं. तिने मागची बाजू आधीच उचलून धरली होती.

तशाच निघालो, एक पुढे, एक मागे, माझा गुडघा ठणकत होता. नाक्यावरचा पानवाला ओरडला, ‘‘ओ मावशी, चाकं कशाला दिलीयत तिला? चालवत न्या की!’’

‘‘पंक्चर आहे,’’ मी म्हटलं.

दोन्ही चाकांत अजून हवा होती. हॉस्पिटलला नेलं त्याच्या आदल्या संध्याकाळी दादानेच भरलेली.